मोकळे हात

सोलापूर,
ता. ४ मार्च १९३४

ती. केराक्कास गुंडाचा सलाम व शि. सा. नमस्कार.

इकडे क्षेम आहे. मंगळवेढ्याच्या बाजाराहून आलेल्या माणसाकडून कळले, की गावातले कोणी साक्षीला उभे राहिले नाही, तुझी एकटीची साक्ष पुरली नाही, आणि गुरुबसप्पा सुटून घरी आला. आपल्या भावाला, बिरप्पाला कुऱ्हाडीने तोडणारा त्याच रानात पुन्हा फिरतो आहे. याहून जास्त लिहवत नाही.

शाळेत चित्रकला शिकवून उरलेल्या वेळात मी चर्चसाठी मोठे चित्र काढतो आहे. येशू मेंढपाळ, मेंढरांसाठी जीव देणारा. मी बाप्तिस्मा घेतला तो याच गोष्टीमुळे. तेव्हा तू हसून विचारले होतेस, की तुझ्या देवाला घोंगडी तरी पांघरता येते का. चेहरा बिरप्पाचा घेतला आहे. कोकरू खांद्यावर आहे, पाद्रीसाहेबांच्या विलायती चित्रात आहे तसे. शेवटी त्याच्याजवळ तू होतीस. तो कसा होता ते सांगशील? नको वाटत असेल तर राहू दे.

लोभ आहेच, तो असाच राहावा.
तुझा धाकटा, गुंडा

मंगळवेढा,
ता. ११ मार्च

चि. गुंडास अक्काचे आशीर्वाद. (मी शाळेतला मास्तर. बाई बोलल्या तसेच उतरवतो.)

गुंड्या, ओलं कोकरू खांद्यावर कुनी घेतं व्हय रं? निसटून पडंल की. ते घोंगडीच्या खोळंत घालून छातीशी धरत्यात. साळा शिकलास आन् घरचं इसरलास.

आता ऐक. मेंढी गुरुबसप्पाच्या जोंधळ्यात व्यायली. कोकरू आनाया बिरप्पा आत शिरला. पीक तुडवलं म्हनून गुरुबसप्पा वरडत आला आन् कुऱ्हाड घातली. पयला घाव मनगटावर. हाड उघडं पडलं. काठी काखंत हुती, त्यानं काढली न्हाय. दोनी हातांनी कोकरू दाबलं आन् पाठ दिली. मी बांधावरनं पळत येस्तवर पाठीवर तीन घाव आन् मानंत एक. मेल्यावर त्याची बोटं मला उलगडंनात. कोकरू रगतानं भिजल्यालं, पर जितं हुतं.

तुझ्या दाजींनी कुऱ्हाडीला धार लावलीया. रगत तुझ्या घरचं, बिरप्पामागं घरातला बाप्या तूच, म्हनून तुझ्या शब्दासाठी थांबल्यात. पर न्हाय म्हनशील तर देवासाठी म्हनतोस का भ्यालास म्हनून, ते खरं लिही.

हितं समदे तुझी वाट बघत्यात. माया पातळ करू नगं.
केराबाई

सोलापूर,
ता. १८ मार्च

ती. केराक्कास सलाम व शि. सा. नमस्कार. पत्र वर्गातच वाचले. मुलांना सुटी दिली.

खरे लिहितो. चित्रात मेंढपाळाच्या पायाखाली मी लांडगा काढला होता. त्याला गुरुबसप्पाचे डोळे दिले होते आणि कवटी दुभंगलेली काढली होती. आठ दिवस रोज त्या फटीत तांबडा रंग भरत होतो. भरताना बरे वाटत होते. सैतानाचा असाच नाश होईल म्हणून पाद्रीसाहेबांनी ते वाखाणले. 

तुझ्या पत्रानंतर खांद्यावरचे कोकरू खरवडले आणि छातीशी घेतले. दोन्ही हात त्यातच गुंतले. लांडग्याला मारायला हातच उरला नाही. मग लांडगा पुसला. मनगटावर घाव काढला. प्रभूच्या जखमा तळहातांना असतात, असे पाद्रीसाहेब म्हणाले. ही माझ्या भावाची आहे, असे मी सांगितले. 

मी भ्यालो नाही, अक्का. गुरुबसप्पा मेलेला मला आजही हवा आहे. तरी दाजींना माझे नाही सांग. ऐकत नसतील तर चित्र बघायला पाठव.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
गुंडा

सोलापूर,
ता. २७ मार्च

ती. केराक्कास सलाम व शि. सा. नमस्कार.

दाजी काल येऊन गेले. कमरेला कुऱ्हाड होती. ती दाराशी ठेवा म्हटले, तर तुझ्या देवाला भ्या वाटतं व्हय, असे विचारून तशीच घेऊन आत आले. चित्रापुढे बराच वेळ उभे होते. मेंढीचे कान चुकले म्हणाले. मग मनगटावरच्या घावावर बोट ठेवले. रंग ओला होता, तो बोटाला लागला. मी पाणी दिले, त्यांनी धुतले नाही. निघताना एवढेच म्हणाले, की बिरप्पाचे हात गुंतलेले होते, माझे मोकळे आहेत. मोटारीत बसले तेव्हा कुऱ्हाड मांडीवर होती.

अक्का, पत्र पोचताच बिरप्पाची मेंढरे दाजींच्या हवाली कर. व्यायला आलेल्या मेंढ्या आधी. कोकरू पडले की लगेच त्यांच्या हातांत दे. पुसत बसू नकोस, ओलेच दे.

तुझा,
गुंडा