अकरा पुस्तकांची शेवटची पानं

३ जून

चि. छोटीस,
अ. आ. वि. वि.

जावईबापूंचा गुडघा आता काय म्हणतो? आणि तुझी कंबर? आपल्या घरात माणसांपेक्षा सांधेच जास्त बोलतात. तुझ्या वहिनीनं आठवण काढली आहे.

काम असं, की आपल्या वाचनालयाला यंदा साठ वर्षं होतात. स्मरणिका काढतोय आणि अध्यक्ष म्हणून संपादनाचं लोढणं माझ्याच गळ्यात. ‘गावातली माणसं’ या भागासाठी तुझा लेख हवा. गिरणीवाला, कंपाउंडर, शाळेची घंटा देणारी बाई, सगळ्यांवर लोकांनी लिहून दिलंय. कात्रीमामा मात्र तुझ्यासाठी राखून ठेवलाय. ग्रंथपालानंच कादंबऱ्यांची शेवटची पानं कापायची, म्हणजे कुंपणानंच शेत खायचं! म्हातारा अजून आहे. वाचनालयातून काढल्यापासून छापखान्यात वह्या शिवतो. त्याला बघून पोरं अजून दोन बोटांची कात्री करून दाखवतात. तूही जरा मजेदार लिही. निबंधात पहिली यायचीस, आता मागे सरू नकोस.

पत्राला उत्तर लवकर दे, लोभ आहेच.

तुझा,
दादा


९ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

लेखाला चारदा बसले, चारदा उठले. पाचव्यांदा हे पत्र लिहायला घेतलं.

दादा, ती पानं मी फाडली.

अण्णा शाळेत असायचे तेवढीच दुपार मला कादंबरीला मिळायची. दोन दिवसांत पुस्तक परत करायचं आणि शेवट नेमका राहिलेला. मग शेवटचं प्रकरण फाडून भूमितीच्या पुस्तकात घालायचे आणि अण्णांच्या समोर बसून वाचायचे. पोरगी भूमितीत रमली म्हणून ते आईकडे कौतुक करायचे. परत चिकटवीन, चिकटवीन म्हणत राहिले, धीर झाला नाही. अशी अकरा पुस्तकं झाली.

मग ती सभा. अण्णा अध्यक्षांच्या खुर्चीत, आणि तू उभा राहून सांगितलंस की मामांच्या हातात कात्री आणि खळ तू डोळ्यांनी पाहिलीस. मी बायकांच्या रांगेत तिसरी होते. सोळा वर्षांची घोडी, पण दातखीळ बसली. मामा एवढंच म्हणाले, की पानं माझ्या राखणीत गेली, दोष माझा. मला सुटल्यासारखं वाटलं. घरी येऊन मी पोटभर जेवले, आणि बत्तीस वर्षं त्या जेवणाची लाज वाटते.

ती पानं लग्नाच्या पेटीत तळाशी घालून आणली. अजून आहेत. ह्यांनासुद्धा माहीत नाही. मामांना जाऊन सांगशील का? मला तोंड नाही.

वहिनींना नमस्कार. राग आला तरी पत्र टाक, लोभ वाढावा.

तुझी,
छोटी


१७ जून

चि. छोटीस,
अ. आ.

राग आला. दोन दिवस घरात कुणाशी धड बोललो नाही. तुझ्या वहिनीला वाटलं, पोट बिघडलंय.

मग वाचनालयातलं जुनं कपाट उघडलं. सभेनंतर फाटकी म्हणून तिथं कोंडलेली अकराही पुस्तकं पुरी आहेत. शेवटची पानं हातानं लिहिलेली, स्वच्छ अक्षर, कडा नीट कापून खळीनं चिकटवलेली. मी पाहिलेली कात्री ती ही. कशाला घेतली होती, हे विचारायची अक्कल मला तेव्हा नव्हती. त्या कपाटाची किल्ली वीस वर्षं माझ्या कमरेला आहे.

काल छापखान्यात गेलो. मामा सुईत दोरा ओवत होते. तुझं सांगितलं, माझंही सांगितलं. म्हणाले, शेजारच्या गावच्या वाचनालयात दर सुट्टीला बसून त्यांनी ती पानं उतरवून आणली होती. नोंदवहीत अकराही पुस्तकं तुझ्याच नावावर निघाली, म्हणजे त्यांना तेव्हाच कळलं होतं. नोंदवही सभेत आणलीच नाही. का, असं विचारलं तर म्हणाले, तुझ्या वडिलांनी तिची पुस्तकं बंद केली असती. मग बराच वेळ टाके घालत राहिले आणि मान वर न करता म्हणाले, लहान होती, मोठी झाली की सांगेल असं वाटलं होतं.

मी माफी मागितली. त्यांनी हातातली वही पुरी केली आणि दुसरी घेतली. छोटे, चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आता कुठल्या तोंडानं अध्यक्ष म्हणून मिरवू? स्मरणिका थांबवलीय.

तुझा,
दादा


२३ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

स्मरणिका थांबवू नकोस. लेख सोबत आहे. दीडच पान झालं, मजेदार नाही. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं छाप. सभेतलं तुझं तू लिही. त्यात मी एक शब्दही घालणार नाही.

पानं पोस्टानं पाठवणार होते, पण तेही पळ काढणंच झालं. ह्यांना सगळं सांगितलं. गुडघा घेऊन मीही येतो म्हणाले. रविवारी दुपारपर्यंत पोचतो.

मामांना माझं येणं कळव. मोठी झाली म्हणून येतेय, असं मात्र सांगू नकोस.

लोभ वाढावा असं दर पत्रात मागत आले. आज मागायची लाज वाटते.

तुझी,
छोटी