आधी उतरा, मग बोला

गिरगाव, मुंबई
रविवार, दि. ९ फेब्रुवारी १९५८

चि. सौ. मृणालिनी हीस तात्यांचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम आहे. तुझ्याकडचं क्षेम कळवत जा असं लिहिणार होतो, पण तू कळवत होतीसच. तुझी तिन्ही पत्रं पोचली. माझ्या ऑफिसच्या खणात, टाचण्यांच्या डबीखाली ती नीट ठेवली आहेत. तेरा महिन्यांत एकालाही उत्तर का धाडलं नाही, ते पुढे येईलच. आधी बातम्या देतो. बातम्या द्यायला मला सोप्या जातात, हे तुला ठाऊक आहे.

मुख्य बातमी अशी की तुझी आई सध्या आपल्या गल्लीची हवालदार आहे. सरकारने नेमलेली नाही. स्वतःच रुजू झाली.

त्याचं झालं असं. वसुबारसेच्या सकाळी ती ठाकूरद्वाराकडून पणत्या घेऊन येत होती. गल्लीच्या तोंडाशी वळताना एक पाववाला सायकलवरून असा सुसाट आला, की पुढच्या क्षणी पाव एकीकडे, पणत्या एकीकडे आणि तुझी आई मधोमध बसलेली. तो बिचारा घाबरून म्हणाला, "बाय, मी घंटी मारली ना!" तुझ्या आईने बसल्या जागेवरून विचारलं, "घंटी मारलीस म्हणजे रस्ता तुझ्या नावावर झाला का रे?"

पाऊल सुजून भोपळा झालं. तीन आठवडे लेप लावून ती गॅलरीत खुर्ची टाकून बसली. बसल्या बसल्या सायकलवाल्यांचा अभ्यास झाला. कोण हात सोडून येतो, कोणाला घंटी नाही, कोण पोरांच्या अंगावरून कट मारून जातो. चौथ्या आठवड्यात पाऊल जमिनीवर टेकलं मात्र, माझी छत्री घेऊन ती खाली उतरली आणि गल्लीच्या तोंडाशी वाण्याच्या ओट्यापाशी उभी राहिली. सायकल दिसली की छत्री आडवी. "आधी उतर, मग बोल. गल्ली संपेपर्यंत हातात धरून न्यायची."

पहिले दोन दिवस दूधवाल्या भैयाने वाद घातला, तिसऱ्या दिवशी तो लांबूनच उतरायला लागला. धोबी उतरला. पेपरवाला उतरला. खुद्द चौकीतला हवालदार सायकलवरून आला, त्यालाही उतरवलं. तो म्हणाला, "बाई, मी ड्यूटीवर आहे." ही म्हणाली, "मीसुद्धा."

डिसेंबरात तर कमाल झाली. दुसऱ्या मजल्यावरचा दौलत समितीचं काम करतो. चौपाटीच्या सभेचा प्रचार करायला त्याने वीस-पंचवीस सायकलींची फेरी काढली. प्रत्येक सायकलीला झेंडा, दौलतच्या हातात पत्र्याचा कर्णा. आपल्या गल्लीच्या तोंडाशी येऊन सगळे एका सुरात ओरडले, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..."

"झालाच पाहिजे!" तुझी आई सगळ्यांत मोठ्याने ओरडली आणि छत्री आडवी केली. "पण उतरून!"

दौलत म्हणाला, "काकू, अहो, दिल्लीपर्यंत आवाज पोचवायचाय."

"चालत गेलास तरी पोचेल. खाली पोरं खेळतायत."

उतरले गं सगळे! पंचवीस तरुण सायकली हातात धरून, मान खाली घालून गल्लीतून चालत गेले. चाळीतली माणसं गॅलरीत उभी राहून टाळ्या वाजवत होती. मी स्वतः एकही सभा चुकवत नाही, पण इतकी शिस्तीची मिरवणूक मी आजवर पाहिली नव्हती.

लोक हसतात. मीही ऑफिसात ही गोष्ट सांगून हशा मिळवतो. पण तळमजल्यावरच्या आनंदीबाईंना एका डोळ्याने दिसत नाही. सायकलींच्या धास्तीने त्यांनी दोन वर्षं देवळात जाणं सोडलं होतं. आता त्या रोज सकाळी काठी टेकत एकट्या जाऊन येतात. त्या दिवशी मला म्हणाल्या, "तात्या, तुमची मंडळी उभी असली की रस्ता आपला वाटतो." हे मी ऑफिसात सांगत नाही. सांगितलं तर कोणी हसणार नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी कोणालाच सांगितली नव्हती. तुझी आई सायकल अडवते, तेव्हा तिचं लक्ष सायकलवाल्याकडे कमी असतं. ती आधी मागच्या कॅरियरकडे बघते. कॅरियरवर पिंप असलं, पोतं असलं, तर मग दटावणी सुरू. पण कोणी डबलसीट आलं आणि मागे मुलगी बसलेली असली, तर तिचा आवाजच बदलतो. "पदर आवर गं, चाकात जाईल," एवढंच म्हणते, आणि त्या मुलीकडे पाहत राहते. मुलगी पार दिसेनाशी होईपर्यंत.

तू कशावर बसून गेलीस ते गल्लीने पाहिलं होतं. आईला गल्लीनेच सांगितलं. पुढे वर्षभर घरात तुझं नाव निघालं नाही. रामदासरावांचं निघे, पण नावाने नव्हे. "देवी टोचायला आला आणि मुलगी घेऊन गेला," असं तुझी आई म्हणे. जातीवरूनही बोले. ते मी इथे लिहीत नाही, तुला अंदाज आहे. मी मात्र तसं कधी बोललो नाही, याचा मला मोठा अभिमान होता. आता कळतं, मला बोलायची गरजच नव्हती. ती बोलत होती आणि मी पेपर वाचत होतो.

आता परवाच्या गुरुवारचं.

शहरात देवीची साथ आहे, तुला माहीतच आहे. म्युनिसिपालिटीने टोचणीसाठी माणसं पाठवली आणि आपल्या वॉर्डात नेमके रामदासराव आले. मी ऑफिसला निघालो होतो. गल्लीच्या तोंडाशी पोचतो तर छत्री आडवी आणि तिच्यापलीकडे तुझे यजमान, खांद्याला टोचणीची पेटी. मी काय केलं विचारशील, तर वाण्याच्या तांदळाच्या पोत्यांआड उभा राहिलो. वाणी म्हणाला, "शेठ, काय देऊ?" मी म्हटलं, "काही नको, जरा उभं राहू दे."

"उतर," आई म्हणाली. आवाज नेहमीचा नव्हता.

रामदासराव उतरले. म्हणाले, "नमस्कार. मी टोचायला आलोय. माफी मागायला नाही आलो, ते आधीच सांगतो."

मला वाटलं, आता छत्री डोक्यात बसणार. पण तुझ्या आईने वाकून सायकलीचा ब्रेक दाबला. पुन्हा दाबला. मग मागचा दाबला.

"ब्रेक लागत नाही."

"रबर झिजलंय. बदलायचंय."

"कधीपासून?"

"झाला एक आठवडा."

"आणि ह्याच्यावर तिला मागे बसवतोस? परळच्या त्या रस्त्यातून? ट्राम, ट्रक, बैलगाड्या, आणि तू ब्रेकशिवाय?" बोलता बोलता तिचा आवाज चढला. "देवी टोचतोस ना? मग माणसाचा जीव कशाने जातो तेवढं कळत नाही तुला?"

रामदासराव इतका वेळ ताठ उभे होते, ते जरा ओशाळले. खाली बघत म्हणाले, "हल्ली नाही बसवत तिला."

"का?"

"पाचवा महिना आहे."

छत्री खाली आली. टोक जमिनीवर टेकवून तुझी आई तशीच उभी राहिली. एवढ्यात मागे सायकलींची रांग लागली होती. दूधवाला, इस्त्रीवाला, दोन कारकून. छत्री खाली गेलेली पाहून त्यांना वाटलं रस्ता मोकळा झाला, आणि सगळ्यांनी एकदम घंट्या वाजवायला सुरुवात केली. तुझी आई गर्रकन वळली आणि सगळ्या गिरगावाला ऐकू जाईल अशी ओरडली,

"थांबा की मेल्यांनो! दिसत नाही, जावयाशी बोलतेय मी?"

मृणालिनी, मी तांदळाच्या पोत्यावर बसलो. वाण्याने पाणी दिलं.

पुढचंही ऐक. रामदासरावांना तिने आधी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे नेलं आणि दोन्ही ब्रेकांची रबरं बदलून होईपर्यंत शेजारी उभी राहिली. बसवलेला ब्रेक स्वतः दाबून पाहिला. मग ते चाळीत आले, तर निम्म्या चाळीने दारं लावून घेतलेली. कोणी म्हणे पोराला ताप आहे, कोणी म्हणे मालक घरी नाहीत. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं आणि रामदासरावांनाही. ते चौकात पेटी उघडून मुकाट्याने सुई पुसत बसले होते. हे त्यांना नवीन नसावं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, म्हणून मला जास्त लाज वाटली.

तुझी आई स्टूल घेऊन आली, त्यांच्यासमोर बसली आणि दंड पुढे केला. "गेल्या खेपेला तुम्हीच टोचलं होतंत. चार दिवस ताप होता. या वेळी जरा हलक्या हाताने."

तिने 'तुम्ही' म्हटलेलं माझ्या लक्षात आलं. त्यांच्याही आलं. त्यांनी टोचलं, अगदी हलक्या हाताने. मग मी बसलो. मग आनंदीबाई. तासाभरात रांग जिन्यापर्यंत गेली, आणि रांगेत दोन सायकली होत्या त्या बाहेर ठेवायला लावल्या, हे सांगायला नकोच.

त्या दिवशी मी ऑफिसला गेलो नाही. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर मला वाटलं, आता तरी कबूल करावं. म्हटलं, "एक सांगायचंय. आपली नलू गेली त्या सकाळी मी गॅलरीत होतो. तिला पिशवी घेऊन जाताना पाहिलं. तू कपडे वाळत घालायला बाहेर येत होतीस, म्हणून मी तुला चष्मा शोधायला आत पाठवलं."

हेच ते, बाळ, जे मी तीन पत्रांना उत्तर न देऊन लपवत होतो. मी तुला जाऊ दिलं. ते चांगलं केलं असंच मला वाटतं. पण जाऊ दिलं आणि मग वर्षभर, आपल्याला काहीच ठाऊक नव्हतं असा चेहरा करून तुझ्या आईसमोर बसलो. तिला एकटीला रागावू दिलं. तुला उत्तर लिहिलं असतं, तर त्या चेहऱ्याने लिहावं लागलं असतं. ते जमेना.

तुझी आई वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, "चष्मा तुमच्या नाकावर होता."

मी चष्मा काढून पुसायला लागलो.

"आणि पिशवी मी आदल्या दिवशीच पाहिली होती. तिच्यात लोकरीचा स्वेटर नव्हता, तो मी घातला."

"मग दहा मिनिटं आत काय शोधत होतीस?"

"तुम्ही काय सांगितलं होतंत? चष्मा."

एवढं बोलून ती उठून गेली. स्वेटर पिशवीत कसा आला, याचं तुला कधी कोडं पडलं होतं का गं?

आता कामाचं. येत्या रविवारी, सोळा तारखेला, सकाळी आम्ही दोघं परळला येतो. तुझ्या सासूबाईंना, कमलाबाईंना, माझा नमस्कार सांग आणि विचार की चालेल का. त्या नाही म्हणाल्या तर तेही रास्तच आहे. तेरा महिने आम्ही त्यांच्या दारात गेलो नाही, त्यांनी आम्हाला का घ्यावं? तसं असेल तर दोन ओळी टाक. हो म्हणाल्या, तर आणखी एक सांगून ठेवतो. तुझ्या आईला मी विचारलं, त्यांच्या घरी चहा घेशील ना? ती म्हणाली, ते तिथे गेल्यावर बघू. तिच्यावर मी जोर करणार नाही, तूही करू नकोस. मी दोन कप घेईन.

रामदासरावांना तेवढं सांग, की ट्रामच्या थांब्यावर आम्हाला न्यायला येणार असले तर चालत यावं.

इतकी वर्षं ऑफिसात पत्रं लिहिली, पण हे लिहायला चार दिवस लागले. आशीर्वाद तर आहेतच, पण या खेपेला ते देण्याआधी तुझी क्षमा मागतो.

तुझे,
तात्या

आणि आई. सही करायला नको म्हणते. पण मघापासून माझ्या खांद्यावरून सगळं वाचत उभी आहे.