शेवटच्या भागात उठलेली बाई

नांदेड,
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय राजशेखर,
अनेक आशीर्वाद.

"ज्याच्या घरात दुखणं हाय, त्याला खोटा धीर देऊ नये," असं अप्पा एकदा दुकानात म्हणाले होते. तू लहान होतास, आठवत नसेल. रविवारी ती दवाखान्याची मालिका संपली आणि मला अप्पांचं वाक्य आठवलं.

इकडे सगळे बरे. शिवानीसाठी अर्धापूरची केळी पाठवली आहेत. तू आईपाशी दवाखान्यात, आणि तुझे डबे तिथे पोचवता पोचवता तुझी बायको स्वतः उपाशी राहते. तिच्याकडे बघ.

शेवटचा भाग संपताच तुझा फोन आला. "अक्का, बघितलीस ना? उठली की ती!" मी नुसतं "हाव" म्हणाले. खरं सांगते, मला तो शेवट आवडला नाही. इतके महिने ती बाई मशीनवर पडून. डॉक्टर तिच्या मुलाला खरं कधी सांगतो, याची आपण वाट बघत होतो. आणि ती डोळ्यांत काजळ घालून उठून बसली! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सांगायचं ते राहूनच गेलं.

आपल्या डॉक्टरांनी ते सांगितलंय, राजू: अव्वा आता उठायची नाही. तू तेव्हा मोबाइलमध्ये बघत होतास.

दिवाळीत अव्वा धडधाकट होती. आपण तिघं ती मालिका बघत होतो. "ह्या डॉक्टराला घरदार हाय का न्हाई? सदा दवाखान्यातच!" म्हणाली. मग त्या बाईकडे बघून, "कशाला अडवून ठेवलंय हिला? जाऊ द्या की. दमली हाय ती."

"अव्वा, ती गेली तर उद्या काय बघशील?" तू म्हणालास. किती हसलो आपण.

नळी घातली त्या दिवशी सिस्टरनं अव्वाच्या गळ्यातलं इष्टलिंग काढून तुझ्या हातात दिलं. लहानपणी बांधलेलं, कधी अंगावेगळं न झालेलं. गेल्या आठवड्यात मी तिकडे येऊन तिच्याजवळ बसले होते, तर तिचा डावा तळवा हळूच वर वळला. "हालचाल हाय अक्का, सुधरून राहिली!" तू म्हणालास. अरे, रोज पूजेला लिंग घ्यायला ती हात असाच धरायची. मी तिची चादर सारखी केली. किती दिवसांनी तुझा चेहरा उजळला होता.

फोनवर हा विषय काढला की तू फोन ठेवतोस, म्हणून लिहिते आहे. मशीन काढलं तर ती फार काळ राहणार नाही, हे मला कळतं. तू म्हणशील, अक्का आईच्या जिवावर उठली. म्हण. पण डॉक्टरांना हो सांग, तिला घरी आण आणि लिंग तिच्या तळव्यावर ठेव. तू नाहीच म्हणणार, राजू. तरी मागते.

तुझ्याइतकीच तिची,
मंजुषा