उजळायचं पाणी

अप्पा, मी माझ्या हातांनी काय काय केलं ते आधी सांगतो, कारण तुम्ही गेलात तेव्हा माझ्या हातांबद्दल तुमचं मत काही बरं नव्हतं. बसायचं बाकडं मी केलं, बाभळीचं, कुठेही ठेवा, डुगडुगत नाही. शिवणयंत्राच्या पायट्यावर चालणारं घासायचं चाक केलं. मोडक्या छत्रीच्या काड्या तापवून, ठोकून मेण कोरायच्या सळया केल्या. आणि कवळ्या केल्या. किती ते मोजलं नाही, पण चिंचवडापासून चाकणपर्यंत ज्या म्हाताऱ्यांना आज भाकरी चावता येते, त्यांतल्या पुष्कळांच्या तोंडात माझ्या हातचे दात आहेत. हे मला कुणी शिकवलं नाही. पेन्शनीत निघालेल्या एका सुभेदाराची मोडकी कवळी दुरुस्तीला आली, ती उलगडून बघता बघता पुरती नासवली, आणि शिव्या खात त्याला नवी करून दिली. पहिली बसली नाही, दुसरी टोचली, पुढची बसली. पण सगळ्यांत नीट, सगळ्यांत जीव लावून केलेली कवळी कुणाची, तर तुमच्या मुलीची. वरची आणि खालची, दोन्ही. तेव्हा ती तीस वर्षांचीसुद्धा नव्हती. तिच्या तोंडाचा साचा घेताना माझ्या बोटांना जे लागलं ते तुमच्या बोटांना लागायला हवं होतं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

तो दिवस मला स्वयंपाकघरासकट आठवतो. मागचं दार उघडं आहे, उजेड चुलीपर्यंत आला आहे, आणि त्या उजेडात तुम्ही तिला पाटावर बसवलंय. चऱ्होलीचे पाहुणे दोन दिवसांनी यायचे आहेत. मध्यस्थाने निरोप आणला होता की मुलगा पुण्यात शिकलाय, त्याला मिश्री लावलेले काळे दात चालत नाहीत. आता आपल्या घरात मिश्री कोण लावत नव्हतं? आई लावायची, आत्या लावायची, सकाळी परसदारी ओळीने बसून, तळहातावर जाळलेल्या तंबाखूची पूड घेऊन, तास तास. पोरीचा दात लहानपणी दुखला तेव्हा आईनेच तिच्या हिरडीला मिश्री लावली आणि मग सवय लागली. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, निरोप येईपर्यंत. निरोप आला तशी आई रडायला लागली. तुम्ही म्हणालात, "रडायला काय झालं? उजळून देतो."

उजळून देतो. जोडवी उजळून द्यावीत तसे. तुम्ही दुकानातून तेजाबाचं ते पातळ केलेलं पाणी आणलंत, ज्यात आपण काळी पडलेली चांदी बुडवायचो, आणि तिची भीती जावी म्हणून आधी आईचं एक जोडवं त्यात बुडवून तिला दाखवलंत. "बघ, कसं पांढरंफेक झालं. चांदीचं काळं जातं, मग दातांचं न जायला काय झालं?" मी म्हणालो, "अप्पा, ते बोटाला लागलं तर कातडी जाते." तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. "ऐरणीवर जाऊन बस. चार बुकं वाचलीस म्हणून बापाला धंदा शिकवू नकोस." काडीला कापूस गुंडाळून तुम्ही एकेक दात पुसलात, हिरडीला थेंब लागू न देता, फार हळू हाताने. तुमचा हात सफाईचा होता, ते मी नाकारत नाही. तिने डोळे घट्ट मिटले होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. शेवटी रिठ्याच्या पाण्याने चूळ भरून ती आईकडे बघून हसली. दात पांढरे झाले होते. पण कसे पांढरे? चुना लावलेल्या भिंतीसारखे. चकाकी गेली होती. अप्पा, पांढरं आणि चकचकीत यांतला फरक तुम्हाला चांदीत लांबून कळायचा. पोरीच्या तोंडात हातभरावरून कळला नाही?

चांदीवरचं काळं हे चांदीवर बसलेलं असतं, ते काढलं की खाली पुन्हा चांदीच. दाताचं तसं नाही. दाताला वरून एक कठीण कवच असतं, तीच त्याची चकाकी, आणि तेजाब मळ काढत नाही, ते कवचच खातं. ते गेलं की परत येत नाही. नखं येतात, केस येतात, ते येत नाही. हे मी नंतर शिकलो. तुम्हाला माहीत नव्हतं, ठीक आहे, माहीत नसणं हा गुन्हा नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला समजावलं. पण पहिल्या दिवाळसणाला ती आली आणि माठातलं पाणी तिला पिता येईना, तोंड धरून ती चुलीशी बसली, तेव्हा तुम्ही म्हणालात, "गारठ्याने होतं, लवंग धर." आणि त्याच आठवड्यात शेजारच्या दोन बायका आपापल्या पोरींना घेऊन आल्या, दात उजळून द्या म्हणून. तुम्ही त्यांना सांगितलंत, पाणी संपलं. पाणी संपलं नव्हतं, अप्पा. फडताळात भरलेली बरणी होती, त्याच संध्याकाळी तुम्ही तिच्यातून एक पैंजण उजळलंत. म्हणजे तुम्हाला कळलं होतं. शेजाऱ्यांच्या पोरी वाचवण्याइतकं कळलं होतं, आणि आपल्या पोरीला एक शब्द सांगण्याइतकं धैर्य नव्हतं. माझा राग तिथे आहे. कापसाच्या बोळ्यावर नाही, त्या लवंगेवर आहे. तिच्या दातांचे तुकडे पडायला लागले तेव्हा तुम्ही नव्हतातच. सासरी तिला बोळकी म्हणायला लागले, ते ऐकायला मी होतो.

आता हे सगळं आज का उकरतोय, तर गेल्या आठवड्यात ती तिच्या मुलीला घेऊन दुकानात आली. भाची सतरा वर्षांची आहे, तुम्ही तिला पाहिली नाहीत. नाकीडोळी नीटस, बोलायला फटकळ, आणि दात मिश्रीने काळपट. आईचं बघून लावायला लागली.

"दादा, अप्पांचं पाणी करून दे," बहीण म्हणाली. "रविवारी पाव्हणं येत्यात. मुलगा पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात हाय."

मला वाटलं माझ्या कानांत काही तरी झालं. मी म्हणालो, "तुझ्या तोंडातलं काढून हातात घे, आणि मग पुन्हा माग."

"ते माझं नशीब. पर लगीन झालं का न्हाई? अप्पांनी केलं म्हनून झालं. त्यांच्या हाताला गुन हुता. दात काय, पडत्यातच सगळ्यांचे."

अप्पा, तिने तुम्हाला देव करून ठेवलंय. दात मी दिले, आणि गुण तुमच्या हाताला. मी नाही म्हणालो तशी तिने कनवटीची एक बाटली काढून बाकावर आदळली. "तुज्यावाचून अडत न्हाई. कारखान्याच्या फाटकाम्होरं इकतोय एक जन, आठ आन्याला." निळी बाटली, वर चंद्राचं चित्र. मी बूच काढून दाराच्या शहाबादी फरशीवर थोडं ओतलं. फरशी फसफसली. बहीण म्हणाली, "ते सोड्यासारखं असंल." भाची मात्र खाली वाकून बघत राहिली.

तिच्यासाठी मग मी एक काम केलं. मी उपटलेले दात टाकून देत नाही, नव्या दातांचा आकार त्यांच्यावरून काढतो. त्यांतला एक धट्टाकट्टा दात निवडून कपभर त्या बाटलीतल्या पाण्यात टाकला आणि भाचीला म्हणालो, उद्या ये. दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. दात पांढरा झाला होता, खडूसारखा. मी भाचीच्या हातात टाचणी दिली. तिने ओरखडा काढला तशी भुकटी निघाली.

"मामा, कुणाचा हो ह्यो?"

"मोशीच्या एका पैलवानाचा. काढताना मला घाम फुटला होता."

तिने दात खाली ठेवला, बोटं पदराला पुसली. "आई, म्या न्हाई लावायची."

"आन पाव्हण्यांनी हस म्हनलं तर काय करशील गं भवाने?"

"हसंन की. दिसत्याल ते दिसत्याल."

मी तिला खडूची पूड दिली, मलमलीतून दोनदा चाळलेली, चिमूटभर लवंग घातलेली. बोटाने हळू लावायची, रगडायचं नाही. राखुंडी नको, विटकरीची पूड तर नकोच, ती दात खरवडते. लिंबू चोळू नको, तेही आंबट आहे, तेजाबाचंच धाकटं भावंड. आणि मिश्री आजपासून बंद. वरवरचं काळं हळूहळू जाईल, पण रविवारपर्यंत नाही जाणार, आणि कधीच चुन्यासारखे पांढरे होणार नाहीत, कारण दाताचा मूळ रंग तसा नसतोच. थोडा पिवळसर असतो, जुन्या हस्तिदंतासारखा. हे सगळं एका आण्याच्या आत झालं. शहाणपणाला पैसे लागत नाहीत, फक्त दोन महिने थांबावं लागतं, आणि लग्नाच्या बाजारात तेवढंच कुणाकडे नसतं.

रविवारी पाहुणे आले, पोहे खाल्ले आणि मंगळवारी नकार पाठवला. मुलगी चांगली आहे, पण दात. बहीण आता माझ्या दारात येत नाही. सख्ख्या मामाने पोरीचं लगीन मोडलं, असं ती चऱ्होलीभर सांगते. भाची तेवढी कालच्या बाजाराला येऊन गेली, पायरीवर बसून तिने उसाचं कांडकं दातांनी सोललं, चोथा थुंकला आणि म्हणाली, "मामा, आई लई तापलीया, तुमी काय मनाव घेऊ नका." मी मनावर घेतलेलं आहे. पण राग तिच्या आईवर नाही.

नकार आला त्याच दिवशी ती बाटली घेऊन मी फाटकासमोर गेलो. पगाराचा दिवस होता, शिफ्ट सुटत होती, आणि तो मनुष्य खोक्यावर उभा राहून ओरडत होता. गर्दी पांगल्यावर मी त्याला म्हणालो की तू लोकांचे दात विरघळवतोस. तो भांडला नाही. मला वरून खालपर्यंत बघून म्हणाला, "म्हणजे चिंचवडच्या सोनारांचे चिरंजीव तुम्हीच काय राव? तुमच्या भगिनी सांगत होत्या. आमच्या मालाने हिरड्या सोलतात, गिऱ्हाईक आईबाप काढतंय. तुमच्या वडिलांच्या पाण्याने म्हणे हिरडीला काही व्हायचं नाही. किती पाण्याला किती तेजाब, तेवढं प्रमाण द्या. बाटलीवर चंद्र काढून टाकतो, वडिलांचं नाव घालतो. फोटो असला तर फोटोपण."

मी त्याला सांगितलं की ते पाण्याचं नव्हतं, हाताचं होतं, आणि तो हात जळून राख झालाय. तो हसला. त्याला वाटलं मी भाव वाढवतोय.

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही, टाकायला पत्ता कुठला. पण एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, कारण ती मी कुणाला सांगितलेली नाही. मी त्याला प्रमाण द्यायला नकार का दिला, असं कुणी विचारलं तर मी म्हणतो, पोरींच्या दातांसाठी. तेही आहेच. पण तो बोलत होता तेव्हा मला पोरी दिसत नव्हत्या. बाटलीवर तुमचं नाव दिसत होतं, आणि ती विकत घेणारी माणसं तुमच्या हाताचा गुण गाताना दिसत होती, आणि ते मला सोसवलं नाही. प्रमाण मला तोंडपाठ आहे. त्याने पाचशे रुपये देऊ केले होते, रोख, तिथल्या तिथे. मी नको म्हणालो.