गाळलेली जाहिरात

सोमवार, ९ डिसेंबर
आई हरवली.

लिहिलं तरी खरं वाटत नाही. दुपारी शेजारच्या काकूंनी तिला जेवायला वाढलं, त्या पाणी आणायला आत गेल्या, बाहेर येऊन बघतात तो दार सताड उघडं! ताट तसंच. अंगात राखाडी स्वेटर, पायात घरातल्या सपाता.

धाकटा भाऊ आणि मी अंधार पडेपर्यंत फिरलो. बाजार, बसथांबा, तिचं जुनं शिवणाचं दुकान — तिथे आता मोबाइलवाला बसतो. "आजी? नाही बुवा." सगळीकडे तेच. पोलिसांनी विचारलं, "स्वतःचं नाव सांगता येतं ना त्यांना?" कधी येतं. कधी नाही.

बाहेर थंडी आहे. हिची सवय बघता स्वेटरही काढून कुणाला तरी देऊन टाकेल!

मंगळवार, १०
धाकट्याने गावच्या वाहिनीवर 'हरवल्या आहेत' अशी सूचना दिली. फोटो, वय, खाली माझा नंबर मोठ्या अक्षरांत. संध्याकाळच्या मालिकेत दर ब्रेकला. "ताई, त्या वेळेला अख्खं गाव टीव्हीसमोर असतं. कुणी ना कुणी बघेलच."

आम्ही दोघं रस्त्यावरच होतो. फोन मुठीत. वाजला नाही.

बुधवार, ११
एकही फोन नाही. एकही!

सरकारी दवाखान्यातून मात्र बोलावणं आलं. अनोळखी म्हातारी बाई, शवागारात. मी जिन्यातच बसले. धाकटा एकटा आत गेला. बाहेर आला, मान हलवली — "आपली नाही." मला हसू फुटलं. भिंत धरून हसत सुटले. मग लाज वाटली. कुणाची तरी होतीच ना ती.

गुरुवार, १२
आज पहिल्यांदाच मी ती सूचना बघायला घरी बसले. मालिका थांबली. पडदा काळा. आवाज बंद. मी वाट बघतेय, बघतेय... काळाच! मग मालिका परत सुरू.

आमची डबी!

टीव्हीला जोडायची, जाहिरात लागली की पडदा काळा करणारी ती डबी — एवढी वर्षं ऑफिसात मी दुसरं काय केलंय? कोपऱ्यातलं वाहिनीचं चिन्ह गेलं, आवाज एकदम चढला, तीच चित्रं पुन्हा पुन्हा आली की समजायचं, जाहिरात. मीच शिकवलं तिला. एका घरातल्या डबीने ओळखली की तिचा ठसा बाकीच्या सगळ्या डब्यांना जातो. आणि गावात घराघरांत, दुकानांत, दवाखान्यांत आमच्याच डब्या. 'एकही निसटत नाही!' असं खोक्यावर छापलंय. वाक्य माझंच.

म्हणजे परवापासून घरोघरी आईला मीच गाळतेय.

धाकट्याला सांगितलं. त्याने उठून डबीची वायर उपटली आणि खिडकीत जाऊन उभा राहिला. त्याची पाठ बघवेना.

शुक्रवार, १३
सकाळीच साहेबांना गाठलं.

"फार वाईट झालं हो. मग तो एक ठसा काढून टाका की."

काढला तरी पुढच्या ब्रेकला डब्या तो पुन्हा शिकतात. दिसायला ती जाहिरातच आहे! एकच उपाय — सगळ्या डब्या बंद.

साहेब उडालेच. "सगळ्या? उद्या मोठं गिऱ्हाईक येतंय! एका जाहिरातीसाठी दुकान बंद करू?"

"जाहिरात नाही ती. आई आहे माझी."

"डबीला काय कळतंय त्यातलं?"

बरोबर आहे. डबीला नाही कळत.

सरसकट बंद करायला दोन पासवर्ड लागतात — माझा आणि डब्या तपासणाऱ्या चाचणीवालीचा. तिच्या घरी ती एकटी कमावती, पदरात तीन पोरं. मला विचारायचाही धीर होईना. तीच खुर्ची ओढून आली. "सरक," म्हणाली. "नोकरी गेली तर चौघं जण तुझ्याकडे जेवायला येऊ!" हसत होती, पण बोटं थरथरत होती. पासवर्ड चुकला. परत चुकला. आणखी एकदा चुकला की खातंच बंद.

लागला.

आता साहेबांचे फोनवर फोन येतायत. कापून टाकतेय. लाइन मोकळी हवी.

शनिवार, १४
काल संध्याकाळपासून फोनच फोन! एकाला बागेत दिसली, एकीला भाजीच्या गल्लीत. एक म्हणाला, "पुलावर उभी होती, एकटीच." तसेच पुलाकडे धावलो. धाकटा काठाने खाली उतरला, मी वर कठडा धरून. पाण्यात राखाडी काहीतरी अडकलं होतं. त्याने काठीने ओढलं. गोणपाट. तरी त्याने ते उलटंपालटं करून बघितलं, आणि तिथेच चिखलात मटकन बसला.

चाचणीवालीचा निरोप — साहेब उद्या डब्या परत सुरू करणार. माझ्या हातात नाही आता. म्हणजे सूचना लोकांना दिसायची ती आज संध्याकाळपुरतीच.

मालिकेला अजून अवकाश आहे.

रविवार, १५
काल मालिका चालू असतानाच फोन आला. बसच्या शेवटच्या थांब्याजवळ बेघरांचा निवारा आहे, तिथल्या बाई.

"अहो, आमच्या टीव्हीवर कधी जाहिराती लागत नाहीत, आज कशा लागल्या कोण जाणे! आणि इथे एक आजी मघापासून माझं डोकं खातायत — 'ती बघा, ती बाई हरवलीय, तिच्या घरी फोन लावा!' म्हटलं, लावून टाकू, गप्प तरी बसतील. त्यांचं नाव आमच्याकडे वेगळंच लिहिलंय..." त्यांनी सांगितलं. आईचं माहेरचं नाव! तिकडे बाई थांबल्या. बहुतेक आजींकडे बघत होत्या. मग एकदम हळू आवाजात — "ताई, तुम्ही या. लगेच या."

सोमवार, १६
नोकरी गेली. दोघींची.

घरी आले. आई पलंगावर, सुजलेला पाय उशीवर. मला बघून म्हणाली, "सापडली का गं ती बाई?"

"सापडली, आई."

"बरं झालं. लेकीच्या जिवाला किती घोर लागला असेल तिच्या!"