साखर वाढली

आई,

तुझ्या एका शब्दापायी परवा माझ्या मुलीच्या जिवावर बेतलं होतं, म्हणून आज सरळ भांडायलाच बसलो आहे. तू तिला पाहिलेलं नाहीस. ती जन्मली तेव्हा तुला जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता पाचवीत आहे, नाक तुझं आहे, आणि उलट उत्तरं कोणाची आहेत ते तुला सांगायला नको. तिच्या शरीरात इन्सुलिन तयार होत नाही. ते आम्ही रोज घरीच टोचतो, प्रत्येक जेवणाआधी आणि रात्री निजताना. जाड पेनासारखं यंत्र असतं, मागची चकती फिरवून मात्रा ठरवायची, पुढे केसासारखी बारीक सुई. तुझ्या काळी कंपाउंडर घरी यायचा, तुझ्या दुधाच्या पातेल्यात काचेची पिचकारी उकळायचा, आणि नंतर महिनाभर तू त्या पातेल्याकडे संशयाने बघायचीस. तसलं आता काही नाही. सुई दरवेळी नवी, वापरलेली जाड प्लास्टिकच्या बरणीत, जागा रोज बदलायची, सुई आत गेल्यावर दहा आकडे मोजल्याशिवाय बाहेर काढायची नाही. हे दहा आकडे मुलगी तेलुगूत मोजते, कारण मराठीत मोजले की मी मध्येच तिचे उच्चार सुधारतो.

पहिल्या आठवड्यात मी तिला तुझ्याच सुरात म्हणालो होतो, मुंगी चावेल हं. तू मला असंच सांगायचीस आणि कंपाउंडर गेल्यावर मी चादरीत मुंगी शोधत बसायचो. ती म्हणाली, "बाबा, सुई आहे. सुई म्हणा ना, इट्स ओके." तेव्हाच मी शहाणं व्हायला हवं होतं.

पण मूळ तक्रार साखरेची आहे. विद्यानगरच्या घरातलं स्वयंपाकघर आठव. मी असेन सात-आठ वर्षांचा. बाहेर बाबांच्या कचेरीतले लोक बसलेत, तू चहाचं आधण ठेवलं आहेस, आणि मी डब्यात हात घालून खणखणीत आवाजात सांगतो की साखर संपली. तू माझा दंड धरून मला उंबऱ्याबाहेर नेतेस. "आपल्या घरात काही संपत नाही. वाढतं. आत ये आणि नीट सांग." मी आत येतो आणि म्हणतो, साखर वाढली. मग लगेच विचारतो, वाढली तर बाबा ती आणायला बेगम बाजारला कशाला जाणार? त्यावर जे मिळालं त्यात साखर नव्हती. तेल वाढायचं, तांदूळ वाढायचे, बांगडी फुटली तरी वाढायची. दर महिन्याच्या अखेरीला आपल्या घरात इतकी वाढ व्हायची की बाबांना उचल घ्यावी लागायची.

पुढे संस्कृत शिकलो तेव्हा तुझ्या या हट्टाला शास्त्रात जागा सापडली. अमंगल ध्वनित करणारा शब्द हा दोष. तो टाळून उलट शब्द योजायचा. वर्गात लक्षणा शिकवताना मी कित्येक वर्षं तुझंच उदाहरण देत आलो. डबा रिकामा दिसतो आहे, म्हणजे 'वाढली'चा मूळ अर्थ तिथे बसत नाही, म्हणून श्रोता दुसऱ्या अर्थाकडे वळतो. मुलं हसायची, मी तुझ्या आठवणीने जरा फुगायचो. मात्र श्रोत्याला डबा दिसतच नसेल तर काय, हा प्रश्न एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही. मलाही सुचला नाही.

परवा संध्याकाळी बायको बँकेतून यायची होती आणि मी दिलसुखनगरला, रहदारीत अडकलेल्या रिक्षात. घरी ताई होती. ताई म्हणजे तुझी हुबेहूब प्रत, फक्त गुडघे जास्त दुखतात. सुई कशी द्यायची हे आम्ही तिला शिकवलं आहे आणि ती आमच्याहून सफाईने देते. मुलगी खाली खेळून वर आली, घामाने निथळत होती, हात थरथरत होते, डोकं हलकं झालंय म्हणाली. ही साखर उतरल्याची लक्षणं, हे ताईला ठाऊक आहे. अशा वेळी लगेच साखर खायला द्यायची, हेही ठाऊक आहे. ती डब्याकडे धावली आणि डबा रिकामा. तिने मला फोन लावला. घामाचं, थरथरीचं सांगायच्या आधी तिने तेवढंच सांगितलं ज्यावाचून तिचं सगळ्यांत अडलं होतं.

"अरे, हिला बरं वाटत नाहीये. आणि साखर वाढली आहे."

"किती वाढलीय?"

"किती काय रे? पूर्ण वाढलीय."

आई, मूळ अर्थ इथे इतका चपखल बसत होता की दुसऱ्या अर्थाकडे वळायला मला फट मिळाली नाही. साखर वाढली की इन्सुलिन. मी रिक्षातून, हॉर्नच्या वर आवाज काढून, पूर्ण प्राध्यापकी आत्मविश्वासाने सांगितलं की पेन काढ आणि सुई दे. उतरलेल्या साखरेवर इन्सुलिन म्हणजे काय, हे मला आता लिहवतही नाही. ताईला ते विचित्र वाटलं म्हणे, पण मी शिकलेला भाऊ, माझ्याकडे काही कारण असेल. तिने सुई बसवली.

मुलीची डॉक्टर इथली, दखनी बोलणारी, माझ्या मुलीपेक्षा जेमतेम मोठी दिसते. पहिल्याच दिवशी तिने बजावलं होतं, "पहले मशीन, बाद में सुई. अब्बा बोले, दादी बोले, मशीन नक्को छोड़ो." मशीन म्हणजे बोटातल्या थेंबावरून साखर मोजायचं यंत्र. मी तेव्हा कौतुकाने मान डोलावली होती, 'नक्को' आपल्या मराठीतूनच गेलेलं आहे म्हणून. लक्षात मुलीने ठेवलं. थरथरत्या हाताने तिने आत्याला थांबवलं, स्वतःच बोट टोचलं आणि फोन मागून घेतला. आवाज जड झाला होता.

"बाबा, शुगर लो आहे. खूप लो. आत्या पेन घेऊन उभी आहे. खरंच घेऊ?"

मी काय ओरडलो ते रिक्षावाल्याला विचारावं लागेल. त्याने रिक्षा बाजूला घेतली. ताईने देवापुढची खडीसाखर वाटीसकट आणली. मुलीने ती कडाकडा चावली, थोड्या वेळाने पुन्हा मोजलं, आकडा वर येत होता. मी पोचलो तेव्हा ती आत्याला समजावत होती की रडू नको, आणि ताई देवाला समजावत होती की वाटी उद्या भरते.

तेव्हापासून फर्मान काढलं आहे. या घरात वस्तू संपतील. फोनवरून सांगितलेली सुई कोणी द्यायची नाही, आधी आकडा बघायचा, आणि तो दोघांनी मोठ्याने वाचायचा. मुलीला यात भलताच आनंद झाला आहे, मीठ, साबण, टूथपेस्ट, सगळं ती गल्लीला ऐकू जाईल इतक्या जोरात संपवते. ताईच्या जिभेला मात्र ते वळत नाही. तिने तोडगा काढला आहे: "डब्यातली साखर वाढली, अंगातली नव्हे." तुझी मुलगी शोभते.

हे पत्र कपाटात तुझ्या नऊवारीखाली ठेवीन. फर्मान माझं आहे, म्हणून एक गोष्ट इथेच सांगतो, ताईच्या कानावर जायला नको. आज सकाळी पेनातलं इन्सुलिन तळाला गेलं. मुलगी पोट उघडं करून बसली होती, म्हणाली, संपलं का बाबा? मी तोंड उघडलं. तिच्या औषधाला तो शब्द लावायला जीभ उचलेना, आणि दुसरा शब्द मीच बंद केलेला.

"फ्रीजमधून नवं आण," म्हणालो.