आगर की आगार

३ फेब्रुवारी

प्राचीने एआय वापरलं, मी सगळं स्वतः लिहिलं. मग पोटात माझ्या का दुखतंय?

चोरी म्हणावी तर तीही नाही! एम.ए.च्या प्रकल्पाला सरांनी परवानगी दिलीय — 'वापरा, पण शेवटच्या पानावर तसं लिहा. चूक निघाली तर ती मशीनची नाही, तुमची.' विषय दोघींचा एकच, मिठागरावर राबलेल्या बायका. विद्यापीठात जाणार एकच प्रकल्प.

घरात बी.ए. झालेली मी पहिली. मिठागरावर राबलेली ती माझी आई. आणि मीच प्राचीला दिवा गावात आमच्या घरी आणलं, आईचं बोलणं रेकॉर्ड करू दिलं! मी ते ऐकून ऐकून महिनाभर लिहीत बसले. तिने मशीनला दिलं, आणि चहा होईपर्यंत पानं तयार.

५ फेब्रुवारी

कँटीनमध्ये प्राचीने मसुदा पुढे केला. 'करिश्मा, बघ ना जरा. तुमच्याकडची भाषा, मला काय कळतंय!'

तिसऱ्या पानावर सापडलं. आई म्हणाली होती, आगरावर जायचो. आगर म्हणजे मिठागर. मशीनने केलं — आगारात! पुढे मनचं जोडलंसुद्धा: 'पावसाळ्यात एसटी आगारातील सफाईचे काम.'

'पावसाळ्यात काकी डेपोतपण काम करायच्या? ग्रेट ना!' — प्राची.

'हं. छान झालंय,' म्हटलं. मनात उकळ्या फुटत होत्या.

६ फेब्रुवारी

अजून सांगितलं नाही. वापरलं तिने, निस्तरू मी?

८ फेब्रुवारी, रविवार

कल्याणहून भाजी घेऊन आले तर प्राची आमच्या ओट्यावर! न सांगता! आईला एकेक ओळ मोठ्याने वाचून दाखवत होती. 'मशीनवर भरवसा नाही माझा, काकी. चुकलं की थांबवा, तुमचेच शब्द घालते.'

आगार आलं. आईने तोंडाला पदर लावला. 'आगो बाय! आमी काय यस्टी धवाला जायचो?' हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी. प्राचीनेही कपाळावर हात मारला. मग माझ्याकडे वळली. 'तू वाचलेलंस ना?'

'नजरेतून सुटलं.'

'असू दे गं,' म्हणाली. आई माझ्याकडे नुसती बघत राहिली.

मग प्राचीला आईने पायांचं सांगितलं. मिठाने तळपाय फाटायचे. लग्नात हळदीला पाय पुढे करायची लाज वाटली होती. बावीस वर्षं या घरात आहे मी — मला कधी नाही सांगितलं! आणि दोघी अशा बसल्या होत्या, जशी तीच लेक.

प्राचीच्या शेवटच्या पानावर आता ओळ आहे: 'मजकूर एआयने उतरवला. चुका जया पंढरी भोईर यांनी दुरुस्त केल्या.' आईचं नाव, छापून! माझ्या प्रकल्पात ती 'माहितीदार क्रमांक ३' आहे.

१२ फेब्रुवारी

निवड झाली. माझी! सर वर्गात म्हणाले, 'किती शुद्ध, स्वच्छ भाषा! प्राचीचं चांगलं आहे, पण बोली फार.' प्राचीने धावत येऊन मिठी मारली. तिचं तेही मला सहन होईना.

संध्याकाळी आईला पहिल्यांदाच माझी पानं वाचून दाखवली. तिचं 'खाजनान' मी 'पाणथळ क्षेत्रात' केलेलं. असं सगळंच. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, 'बेस लिवलंस. पन ही बाय कोन?'

मशीनचा एक शब्द चुकला. मी तर सगळेच बदलले — जाणूनबुजून.

१३ फेब्रुवारी

सकाळी सरांकडून माझा प्रकल्प परत घेतला. प्राचीचा जाईल. सरांनी कारण विचारलं. 'यातली बाई माझ्या आईसारखी बोलत नाही,' म्हटलं.

पोटात अजून दुखतंयच.

घरी येऊन फोन आईसमोर ठेवला, रेकॉर्डिंग लावलं. 'पायांचं सांग.'

'आता परत? त्या पोरीला सांगितला ना.'

'मला कुठे सांगितलंस?'